पेटीचा क्रमांक आणि माणसाची नोंद

जिवतीच्या मांडवात समुद्रावरील मालवाहतुकीचा इतिहास कशासाठी, असा प्रश्न पुष्कळांच्या मनात आला असेल. माणिकगडाच्या पहाडावरून मुंबईचा समुद्र आठ-नऊशे किलोमीटर दूर. येथे बसलेल्यांपैकी अनेकांनी तो चित्रातच पाहिला असेल. परंतु आपण समुद्र पाहिलेला नसला तरी आपला कापूस तेथे जातो, आणि त्याचा भाव ठरविण्यात आगबोटी, बंदरे आणि परदेशचे व्यापारी यांचा हात गेली दीडशे वर्षे आहे. ज्या गोष्टीचा हात आपल्या खिशात आहे, तिचा इतिहास आपणास ठाऊक असावा, एवढेच या विषयाचे समर्थन.

आम्ही इतिहास विद्यापीठात शिकलेलो नाही. हमालांच्या आणि कामगारांच्या संघटनेचे काम करता करता, आणि रात्री वाचनालयातली पुस्तके चाळता चाळता जे उमगले, तेच आपल्यापुढे ठेवीत आहोत. आमचा मुद्दा एकच आहे. माल वाहून नेण्याची रीत जसजशी बदलत गेली तसतशी मालाची नोंद अधिकाधिक चोख झाली. माल वाहणाऱ्या आणि पिकविणाऱ्या माणसाची नोंद मात्र कोणी आपण होऊन केली नाही. जेथे ती लढून करून घेतली गेली तेथे नव्या यंत्राच्या लाभातला थोडाफार वाटा माणसाला मिळाला. जेथे ती झाली नाही तेथे तो मिळाला नाही.

आरंभ अमेरिकेपासून करावा लागतो. १८६१ साली तेथे उत्तर व दक्षिण राज्यांत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. तेव्हा इंग्रज व्यापाऱ्यांची नजर हिंदुस्थानाकडे वळली. आपल्या शेजारच्या हिंगणघाटचे नाव कापसाची एक जात म्हणून इंग्लंडच्या बाजारात ओळखले जाऊ लागले. मुंबईत पैशाचा पूर आला, नवनव्या कंपन्यांचे शेअर भलत्या भावाने विकले जाऊ लागले. आणि १८६५ साली युद्ध संपताच भाव कोसळून मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. पेढ्यांची दिवाळी-दिवाळे इतिहासात लिहिलेली आहेत. चढत्या भावाच्या भरवशावर कर्ज काढलेल्या शेतकऱ्याचे काय झाले, हे मात्र त्या मानाने फारच थोड्या पानांत सापडते.

त्या युद्धाने एक गोष्ट कायमची केली. कापूस समुद्रापर्यंत लवकर पोचला पाहिजे, हे सरकारच्या मनावर ठसले. १८६७ साली रेल्वे नागपूरपर्यंत आली. १८६९ साली सुएझचा कालवा उघडला आणि आफ्रिकेला वळसा घालण्याचे काम उरले नाही. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावला आला आणि कापसासाठी बांधलेल्या रेल्वेच्या फाट्याचे उद्घाटन करून गेला. वाफेच्या प्रेसमध्ये रुई दाबून घट्ट गाठी बांधण्याची रीत पसरली, कारण आगबोटीवर वजनापेक्षा जागा महाग असते. मुंबईत १८७५ साली ससून डॉक आणि १८८० साली प्रिन्सेस डॉक झाला. कुलाब्याला भरणारा रुईचा बाजार पुढे शिवडीकडे गेला, आणि लोकलच्या स्थानकाला कॉटन ग्रीन हे नाव आजतागायत चिकटून राहिले.

आपला हा पहाड त्या काळी या हिशेबाच्या बाहेर होता. येथे कोलाम आणि गोंड लोकांची वस्ती, वर निजामाचे राज्य. राजुरा तालुका १९५६ साली मुंबई राज्यात आला आणि १९५९ साली चांदा जिल्ह्याला जोडला गेला. मराठवाड्यातून दुष्काळाने उठलेली कुटुंबे पहाडावर येऊन वसली, जमिनी वहितीला आल्या, आणि ज्वारीच्या जोडीला कापूस उभा राहिला. जिवती हा स्वतंत्र तालुका तर त्याहूनही पुष्कळ अलीकडचा. म्हणजे समुद्राच्या बाजारात आपण उशिरा शिरलो. पण शिरलो ते पुरतेच.

आता बंदराकडे पाहू. शंभर वर्षांपूर्वी आगबोट भरण्याचे काम पाठीने आणि हुकाने होत असे. गाठी, पोती, पिंपे, खोकी असा सुटा माल धक्क्यावर येई. टोळीचे हमाल तो दोराच्या झोळीत रचीत, यारी तो उचलून बोटीच्या पोटात सोडी, आणि तेथली दुसरी टोळी तो पुन्हा हाताने लावी. एक बोट भरण्या-उतरविण्यात दिवसांमागून दिवस जात. माणूस घेण्याचा अधिकार टोळीवाल्याचा. सकाळी डॉकच्या दारावर गर्दी जमे. टोळीवाला बोटाने खूण करील त्याला काम, बाकीच्यांनी उपाशीपोटी परत फिरावे. काम मिळालेल्यालाही मजुरीतून टोळीवाल्याला हिस्सा द्यावा लागे. गाठीवर मार्का असे, वजन असे, मालकाचे नाव असे. ती हरवली तर विमा कंपनी भरपाई देई. ती गाठ उचलणाऱ्याचे नाव कोठल्याच वहीत नसे.

याचा भयंकर दाखला १४ एप्रिल १९४४ रोजी मिळाला. मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये उभ्या असलेल्या ‘फोर्ट स्टिकिन’ या बोटीत युद्धासाठीचा स्फोटक दारूगोळा आणि कापसाच्या हजारो गाठी एकत्र भरलेल्या होत्या. आग लागली, दोन स्फोटांनी डॉक आणि भोवतालची वस्ती उद्ध्वस्त झाली. शेकडो माणसे मेली. मृतांचे आकडे निरनिराळ्या लेखकांनी निरनिराळे दिले आहेत, आणि त्याचे एक कारण उघड आहे: त्या दिवशी धक्क्यावर रोजंदारीची किती माणसे कामावर होती, याची खात्रीची यादी कोठून मिळणार? बोटीवरच्या सोन्याच्या विटांचा हिशेब मात्र लागला होता. पुढे किती तरी वर्षांनी गाळ उपसताना त्यातली एखादी सापडली तरी ती कोणाची, हे सांगता येत होते.

गोदी कामगारांची नोंद व्हावी, ही शिफारस १९३१ साली मजूरविषयक शाही आयोगाने करून ठेवलेली होती. पण शिफारशीने कोणाचे पोट भरत नाही. मुंबईच्या गोदीत संघटना बांधली गेली, संप झाले, प्लासिड डिमेलो यांच्यासारखे पुढारी तुरुंगात गेले. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली गोदी कामगार रोजगार नियमन कायदा झाला आणि १९५१ पासून मुंबईत सरकार, मालक व कामगार या तिघांच्या प्रतिनिधींचे डॉक लेबर बोर्ड काम करू लागले. कामगाराचे नाव रजिस्टरात चढले, त्याला कार्ड मिळाले, पाळीने काम मिळू लागले. हजर राहूनही काम मिळाले नाही तर हजेरीभत्ता मिळू लागला. टोळीवाल्याच्या बोटाची सत्ता एका वहीने संपविली. बाहेरच्या माणसाला ही कारकुनी बाब वाटेल. ज्याने दारावरची ती गर्दी भोगली, त्याला ती दुसऱ्या जन्मासारखी वाटली असली पाहिजे. १९५८ साली डिमेलो वारले. बोरीबंदराहून गोदीच्या कडेने जाणाऱ्या रस्त्याला आज त्यांचे नाव आहे.

आणि नेमक्या याच सुमारास, जगाच्या दुसऱ्या टोकाला, गोदीचे कामच नाहीसे करणारी वस्तू जन्माला येत होती.

माल्कम मॅक्लीन हा अमेरिकेतला मोटारट्रकांचा धंदेवाला. तरुणपणी कापसाच्या गाठी घेऊन तो बंदरावर गेला, ट्रक रिकामा व्हायला दिवस गेला, आणि सगळा ट्रकच बोटीवर का चढवू नये असे त्याच्या मनात आले, अशी कथा सांगतात. कथा तंतोतंत खरी असो वा नसो, तीतही कापूसच आहे हे लक्षात घ्या. २६ एप्रिल १९५६ रोजी त्याची ‘आयडियल एक्स’ ही बोट न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघाली. तिच्यावर लोखंडी सांगाड्याच्या अठ्ठावन्न पेट्या होत्या. सुटा माल बोटीवर चढवायला त्या काळी टनामागे पाच डॉलरांहून अधिक खर्च येई. या पेट्यांचा खर्च सोळा सेंटांच्या आत बसला. यात जादू काहीच नाही. माल एकदा पेटीत भरला की ठिकाणावर पोचेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. ट्रकवरून रेल्वेवर, रेल्वेवरून बोटीवर पेटीच हलवायची. पुढच्या दशकात पेटीची मापे जगभर एक झाली: रुंदी आठ फूट, लांबी वीस किंवा चाळीस फूट. चारही कोपऱ्यांना सारखीच भोके असलेले ठोकळे, म्हणजे कोणत्याही देशाची यारी ती पकडू शकेल आणि एकीवर एक रचून पीळ दिला की घट्ट बसेल. प्रत्येक पेटीवर चार अक्षरे आणि सात आकडे. त्यातला शेवटचा आकडा आधीच्या अक्षर-आकड्यांवरून गणित करून काढलेला असतो, म्हणजे लिहिणाऱ्याची चूक तिथल्या तिथे पकडली जावी. जगातल्या कोणत्याही बंदरात ती पेटी कोणाची, कोठून निघाली, कोठे चालली, हे क्षणात सांगता येते. मालाच्या नोंदीची याहून वरची पायरी माणसाने अजून गाठलेली नाही.

गोदी कामगारांवर याचा परिणाम काय झाला? लंडनच्या जुन्या गोद्या १९६७ पासून एकामागून एक बंद पडत गेल्या आणि १९८१ पर्यंत रिकाम्या झाल्या. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमधले धक्के ओस पडले. पण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर एक निराळा प्रकार घडला, तो आम्हां संघटनेच्या माणसांना फार विचार करायला लावणारा आहे. तेथले पुढारी हॅरी ब्रिजेस यांनी यंत्राला नुसता विरोध न करता त्याची किंमत मागितली. १९६० साली करार झाला: यंत्रे येऊ द्यावीत; मोबदल्यात मालकांनी दर वर्षी पन्नास लाख डॉलर कामगारांच्या निधीत भरावेत, नोंदलेल्या कामगाराला कामावरून कमी करू नये, आणि ज्याला लवकर निवृत्त व्हायचे त्याला रक्कम मिळावी. करार मोठा होता यात शंका नाही. परंतु त्यातही एक भेद होता. पूर्ण नोंद असलेल्या ‘अ’ वर्गाच्या कामगारांना हे लाभ मिळाले; अर्धवट नोंदीच्या ‘ब’ वर्गाच्या माणसांना त्यातला वाटा मिळाला नाही. एकाच धक्क्यावर, एकाच यारीखाली काम करणारे दोन कामगार, आणि फरक फक्त वहीतल्या रकान्याचा! वही माणसाला आत घेते, तशी बाहेरही ठेवते. म्हणून वही कोणाच्या हातात आहे, हे पाहावे लागते.

आपल्या देशात पेटी १९७३ साली आली. त्या नोव्हेंबरात कोचीनच्या बंदरात अमेरिकन बोटीवरून पहिल्या पेट्या उतरल्या. मुंबईच्या जुन्या गोद्या शहराच्या पोटात अडकलेल्या, पेट्या रचायला मैदान नाही. तेव्हा खाडीपलीकडे उरण तालुक्यात न्हावा-शेवा येथे नवे बंदर योजले गेले. जमीन अर्थातच कोणाची तरी होती. आगरी-कोळी शेतकऱ्यांची भातशेती आणि मिठागरे संपादनात जात होती, मोबदला तुटपुंजा. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लोक उभे राहिले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी दास्तान फाटा व नवघर परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी ठार झाले. विकसित केलेल्या जमिनीपैकी साडेबारा टक्के मूळ मालकाला परत देण्याचे धोरण पुढे सरकारने स्वीकारले, त्यामागे हे रक्त आहे. १९८९ च्या मे महिन्यात बंदर सुरू झाले. १९९९ पासून तेथे खाजगी कंपनीचा धक्काही चालू झाला. २०२४-२५ या एका वर्षात तेथून वीस फुटी मापाने मोजलेल्या सत्तर लाखांहून अधिक पेट्यांची ये-जा झाली. इकडे मुंबईचे डॉक लेबर बोर्ड १९९४ साली पोर्ट ट्रस्टमध्ये विलीन झाले, आणि १९९७ साली नवा कायदा करून १९४८ चा कायदा मोठ्या बंदरांना लागू न करण्याची वाट मोकळी केली गेली. ज्या वहीसाठी एक पिढी झुंजली ती अशी मिटत गेली.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पेटीने हमाली संपविली, असे म्हणतात. आमच्या मते ते अर्धेच खरे आहे. पेटी धक्क्यावर उघडत नाही एवढेच. ती भरावी तर लागतेच, आणि ते काम समुद्रापासून शेकडो मैल आत, जिनिंगच्या आवारात, गोदामात आणि आयसीडीत होते. १९८८ साली कंटेनर कॉर्पोरेशन ही सरकारी कंपनी निघाली. नागपूरला अजनीजवळ आणि पुढे मिहानमध्ये असे कोरडे बंदर झाले. कस्टमचे सील तेथेच लागते. म्हणजे गोदीचा एक तुकडा विदर्भात आला. गोदीबरोबर गोदी कामगाराचे कार्ड मात्र आले नाही. आपल्या राज्यात १९६९ सालचा माथाडी कायदा आहे; अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीचे ते फळ. मालकाने मजुरी मंडळात भरावी, मंडळाने ती कामगाराला द्यावी, वर फंड आणि बोनस द्यावा, अशी त्याची रचना; गोदीच्याच धड्यावरून घेतलेली. कायदा उत्तम आहे. पण हंगामात गाठी चढविणाऱ्या, पेटीच्या तापलेल्या पत्र्याआड उभे राहून थर लावणाऱ्या हमालांपैकी किती तरी जण आम्हांला असे भेटतात, की ज्यांचे नाव ठेकेदाराच्या खिशातल्या चिठोऱ्यापलीकडे कोठे नाही.

आता एका पेटीचा हिशेब करू. चाळीस फुटी पेटीत १७० किलोच्या दीडशेच्या आसपास गाठी बसतात. एका गाठीला सुमारे पाच क्विंटल कापूस लागतो. बाकी सरकी निघते. म्हणजे एका पेटीसाठी साडेसातशे क्विंटल. पहाडावरच्या हलक्या कोरडवाहू जमिनीत एकरी पाच क्विंटल धरले, तर दीडशे एकरांचे पीक एका पेटीत बसले. वेचणाऱ्या बाईने दिवसाला अर्धा क्विंटल वेचला असे धरले, तर त्या पेटीत पंधराशे दिवसांची वेचणी आहे. बोंडाच्या काट्यांनी फाटलेल्या बोटांचे, कंबरेला ओटी बांधून वाकलेले पंधराशे दिवस! न्हावा-शेव्याची यारी तासाला पंचवीस-तीस पेट्या उचलते. म्हणजे आपली पेटी दोन मिनिटांत बोटीवर जाते. त्या दोन मिनिटांची नोंद संगणकात होते. पंधराशे दिवसांची नोंद शेतमालकाच्या किलोच्या हिशेबात, आणि तीही मजुरी चुकती होईपर्यंतच.

शेतकऱ्याची स्थिती याहून फारशी निराळी नाही. जिवती तालुक्यातल्या पुष्कळ जमिनी कागदोपत्री वनजमिनी म्हणून लागलेल्या. दोन-दोन, तीन-तीन पिढ्या कसणाऱ्यांच्या हाती पट्टा नाही. पट्टा नाही म्हणून सातबारा नाही, सातबारा नाही म्हणून बँकेचे पीककर्ज नाही. सरकारी खरेदी केंद्रावर हमीभावाने कापूस द्यायचा तर सातबारा आणि त्यावरचा पेरा दाखवावा लागतो. ज्याच्याजवळ तो नाही त्याने खेडा खरेदीच्या व्यापाऱ्याला, तो म्हणेल त्या भावाने, माल द्यायचा. पुष्कळदा बियाण्याची उधारीही त्याचीच असते. त्या व्यापाऱ्याच्या गाडीतून तोच कापूस कोरपना, राजुरा किंवा सीमेपलीकडे आदिलाबादला जातो, गाठ होतो, पेटीत बसतो, आणि बसताक्षणी त्याला बिल, सील, विमा आणि क्रमांक असे सर्व कागद मिळतात. शेतकऱ्याच्या घरी असेतो कापसाला कागद नव्हता. घर सुटताच मिळाला.

पेटी दोन्ही दिशांनी चालते, हेही विसरू नये. जी आपला कापूस बांगलादेशाला आणि व्हिएतनामला नेते, तीच परदेशचा कापूस आपल्या गिरण्यांच्या दारात आणते. २०२५ च्या ऑगस्टात सरकारने कापसावरचे आयात शुल्क डिसेंबरअखेरपर्यंत उठविले, ते नेमके आपला नवा कापूस बाजारात येण्याच्या तोंडावर. १८६५ साली अमेरिकेतली तोफ थंडावली आणि येथला भाव पडला; आज तोफही लागत नाही, एक अधिसूचना पुरते. २०२१ च्या मार्चमध्ये एक अजस्र बोट सुएझच्या कालव्यात आडवी अडकली, तेव्हा सहा दिवस जगाचा व्यापार तुंबला आणि साऱ्या जगाने तो टकमक पाहिला. त्या बोटीवरच्या एकूण एक पेटीची यादी होती. कापसाचा भाव पडल्यावर अडकून पडलेल्या कुटुंबांची यादी कोण ठेवतो?

यावर कोणी म्हणेल, मग काय पेट्या बुडवायच्या? मुळीच नाही. पाठीवर दोन-दोन मण वाहून चाळिशीत मोडलेली माणसे आम्ही पुष्कळ पाहिली आहेत; ते ओझे यंत्राने उचलले तर आम्हांला आनंदच आहे. भांडण यंत्राशी नाही, वाट्याशी आहे. आणि वाटा मागण्यासाठी आधी यादीत नाव असावे लागते, हे मुंबईच्या गोदीने, ब्रिजेसच्या कराराने आणि उरणच्या शेतकऱ्यांनी तीन निरनिराळ्या रीतींनी दाखवून दिले आहे. उरणला ज्याच्या नावावर जमीन होती त्याला साडेबारा टक्क्यांचा दावा करता आला; दुसऱ्याच्या शेतात आणि मिठागरात राबणाऱ्या मजुराला तो दावा करायला कागदच नव्हता.

म्हणून या मांडवातल्या शिक्षक, कारकून, दुकानदार आणि वकील मंडळींना आमची विनंती आहे. आपणांस लिहिता-वाचता येते. सरकारी कागदाची भाषा कळते. वनहक्काचा दावा, माथाडी मंडळातली नोंद, वेचणाऱ्या बायांचे असंघटित कामगार म्हणून कार्ड, यांतले प्रत्येक काम एका अर्जापाशी अडलेले आहे. अर्जावर पुरावे जोडावे लागतात, तारखा लक्षात ठेवाव्या लागतात, फेटाळला तर अपील करावे लागते. पहाडावरचा माणूस एक दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याला येतो आणि ‘साहेब नाहीत’ हे ऐकून परत जातो. त्याच्याबरोबर एकदा कचेरीपर्यंत चला. आठवड्यातून एक संध्याकाळ वाचनालयाच्या ओट्यावर बसून चार अर्ज लिहून द्या, पोच घ्या, आणि पोचेचा क्रमांक त्याच्या वहीत आणि आपल्याही वहीत उतरवून ठेवा. पुढच्या हंगामाची पहिली वेचणी दिवाळीच्या सुमारास सुरू होईल. तोवर सहा महिने हातात आहेत.